कचरूनं लावलेले अर्ज

सन चौसष्ट-पासष्टचा काळ. साखरखेर्ड्याच्या पोस्टात कचरू टपाल लावायचा, आणि काय लावायचा! फरशीवर मांडी घालून बसला, की त्याचे हात तबलजीसारखे चालत. आधी घरानुसार पत्रं लावायची, मग तो क्रम न मोडता आळीनुसार, शेवटी गावानुसार. "लहान गोष्ट आधी, मोठी शेवटी," तो सांगे. "शेवटी ज्या हिशेबानं लावसान, त्याचंच राज्य."

ही कला ऐकूनच शेजारगावच्या भगवानरावांनी त्याला बोलावलं. त्यांनी जमिनीचे बारा तुकडे दान केले होते; अर्ज आले दोनशे. नियम गावासमोर वाचला गेला. आधी भूमिहीन, त्यांत ज्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त, तो पुढे, तिथंही बरोबरी झाली, तरच अर्जाची तारीख बघायची.

कचरूची विधवा बहीण अन्नपूर्णा भगवानरावांच्याच गावात राही. पाच लेकरं आणि वीतभर जमीन नाही. पहिल्याच दिवशी ती अर्ज द्यायला निघाली होती. कचरूनंच थांबवलं. "घाई काऊन करतं? तारखेले कोण पुसते? लेकरायची नावं नीट लिहून घे." तिनं चौथ्या दिवशी अर्ज दिला.

वाटपाच्या सकाळी चावडीत गाव लोटलं. कचरूनं अर्ज तारखेनं लावले, मग तोंडांनी, मग भूमिहीन वर काढले. अन्नपूर्णेचा अर्ज सातवा आला. ती दारात उभी होती. भावानं मान डोलावताच तिनं पदर तोंडाला लावला.

"झालं?" भगवानरावांनी विचारलं.

"झालं, मालक."

"आता एक डाव तारखेनं लाव."

कचरूचे हात जागीच थांबले. "तारखेनं आधीच लावलं ना जी."

"मंग अजून लाव. तीन डाव लावलं, चौथ्यानं हात झिजते का बे?"

लोक हसले.

"तसं केलं तं तारीखच सगळ्यायच्या वर बसंन, मालक. भूमिहीन खाली जातीन."

"तेच कागद, तेच तीन नियम. खाली कसे जातीन?" भगवानराव गावाकडे वळले. "बहिणीसाठी नाटकं करून राह्यला हा. सांग, तिचा अर्ज बाद करू का?"

कचरूनं लावले. पहिल्या दिवसाचे एकोणीस अर्ज वर आले, सारे भगवानरावांच्या भाऊबंदांचे. अन्नपूर्णा एक्क्याऐंशीवर गेली. टाळ्या कडाडल्या. भगवानरावांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून कचरूच्या गळ्यात घातला.

"भाऊ, कोणी लावले रे कागद?" अन्नपूर्णेनं विचारलं.

"मीच."

"मंग मले काही पुसायचं नाही."

पुढल्या आषाढात ती त्या बारा तुकड्यांतल्याच एकावर रोजानं तण निंदायला लागली. कचरू दोनदा तिच्या घरी गेला. दोन्ही वेळा थोरल्या भाचीनं दारातच सांगितलं, "माय वावरात गेली, मामा." दुसऱ्या वेळी आतून अन्नपूर्णेचा खोकला ऐकू आला.