धाकटीच्या हाडांत

माझ्या मामाने सगळी नोकरी कुत्र्यांची उस्तवारी करण्यात घालवली, असं सांगितलं की लोकांना वाटतं, काय दयाळू माणूस! दयाबिया काही नाही, पोटासाठी धरलेली नोकरी होती ती. एका संशोधन केंद्राच्या मागच्या आवारात लांबलचक शेड होती, आत पिंजऱ्यांच्या दोन रांगा. तिथल्या कुत्र्यांना खाऊ घालायचं, आंघोळ घालायची, फिरवून आणायचं. त्यांची विष्ठासुद्धा फेकायची नसे. झाकणाच्या डब्यांत भरून ती प्रयोगशाळेत पाठवावी लागे. मामी म्हणायची, "घरातला कचरा दोन पावलांवर टाकायला यांचे हात मोडतात, आणि तिकडची घाण कशी जपून नेतात!"

त्या कुत्र्यांना पिल्लं असतानाच एकदा शिरेतून सुई दिलेली असे. काहींना प्लुटोनियम, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलंय हे राखणाऱ्यांना मुद्दाम सांगत नसत. सांगितलं की माणूस एकाला गोंजारतो आणि दुसऱ्यापासून अंग चोरतो. त्यानंतर फक्त वाट बघायची. वर्षानुवर्षं काही म्हणजे काही दिसत नसे. अंगावर तुकतुकी, भूक सणसणीत, शेपट्या हलतायत. आणि मग एखाद्या सकाळी एखादं कुत्रं ताटलीकडे धावत येता येता मध्येच थांबायचं आणि एक पाय वर धरायचं. हाड मोडलेलं असायचं. कोणी मारलेलं नाही, कुठे पडलेलं नाही, आतल्या आत मोडलेलं. मामा हे जेवताना सांगायचा. त्याला पोच अशी कधी नव्हतीच.

कुत्र्यांना नावं ठेवायला बंदी होती, कानात आकडा गोंदलेला असे. मामाने नियम पाळला. नावं ठेवली नाहीत, नाती लावली. एका खडूस, कायम गुरगुरणाऱ्या कुत्र्याला तो सासरेबुवा म्हणायचा, आणि हे मामीला कळलं तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला. एक तपकिरी कानांची कुत्री होती, ती धाकटी. तिच्यावर मात्र त्याचा जीव होता. तो आवाराच्या फाटकातून आत शिरला की शेडच्या दुसऱ्या टोकाला ती उठून उभी राहायची.

मग केंद्राने तो प्रयोग गुंडाळायचं ठरवलं. प्लुटोनियमवाल्या कुत्र्यांना झोपेचं इंजेक्शन देऊन तपासायचं, मिठाच्या पाण्यावाली ज्याला हवीत त्याला द्यायची. मामाने त्याच दिवशी धाकटीला मागून ठेवलं. इतक्या वर्षांत ती एकदासुद्धा लंगडली नव्हती, म्हणजे तिच्यात काही नाहीच, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं. राखणाऱ्यांत सगळे असेच अंदाज बांधायचे, पण मामाने अंदाजावर संसार मांडला. मामीने आधी तोंडभर कुरकुर केली, मग स्वैपाकघराशेजारचं सामान हलवून जागा केली. आम्ही भाचरं तर रोज विचारायचो, कधी आणणार?

कुणाला काय दिलं होतं हे सांगायला प्रयोगाच्या डॉक्टरीणबाई स्वतः शेडमध्ये आल्या. सासरेबुवांच्या अंगात मिठाचं पाणी निघालं. धाकटीच्या अंगात प्लुटोनियम होतं.

मामाने वाद घातला नाही. भिंतीवरचं किरणं मोजायचं यंत्र काढलं आणि धाकटीच्या पाठीवर, पोटावर, पायांवर धरलं. यंत्र गप्प. धाकटी त्याची नळी चाटत होती. हे बघा, असं म्हणून त्याने ते बाईंपुढे केलं. बाईंनी त्याला समजावलं की या किरणांना साधी कातडीसुद्धा ओलांडता येत नाही, म्हणून बाहेर काही कळत नाही, आणि म्हणूनच आत बसल्यावर सगळा मारा तिथल्या तिथेच होतो. रक्ताला प्लुटोनियम लोखंडासारखं वाटतं. ते त्याला उचलून यकृतात आणि हाडांत नेऊन ठेवतं, आणि शरीर ते सहसा परत सोडत नाही.

"पण हिला दिलं कधी?" मामाने विचारलं.

"तुम्ही नोकरीवर यायच्या आधी, मामा."

म्हणजे मामाने प्लुटोनियमशिवायची धाकटी कधी पाहिलीच नव्हती. हे तो घरी येऊन मामीला पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. झोपेच्या इंजेक्शनच्या वेळी त्यानेच तिला मांडीवर धरलं होतं. सासरेबुवांना घ्यायला कोणी तयार नव्हतं, आणि मामाकडेही त्यांच्यासाठी मन उरलं नव्हतं. हे सगळं पुढे कळलं तेव्हा मला त्याचा राग आला. बिचाऱ्या जिवंत कुत्र्याने काय पाप केलं होतं?

काही आठवड्यांनी बाईंनी मामाला बोलावून एक फोटो दाखवला. धाकटीच्या मांडीच्या हाडाची पातळ चकती अंधारात फिल्मवर ठेवून दिली होती. दिवा नाही, कॅमेरा नाही. हाडाची आतली कड फिल्मवर बारीक रेघांच्या झुपक्यांनी स्पष्ट उमटली होती. मामाने विचारलं, नवीन फिल्म ठेवली तर पुन्हा उमटेल का?

"उमटेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही नसाल, मी नसेन, तरी उमटत राहील. हजारो वर्षं."

बाई हे हळहळून म्हणाल्या असणार. मामा मात्र घरी आला तो हसतमुखाने. धाकटी गेल्याचं आम्हा भाचरांना कोणी सांगितलंच नव्हतं. तो एवढा खुलला म्हणजे धाकटी मिळालीच, असं वाटून आम्ही दाराकडे धावलो. तो खाली बसला, आम्हाला जवळ ओढलं, आणि म्हणाला, "धाकटी कुठे जात नाही रे. आपण सगळे जाऊ, ती राहणार आहे."

मामी स्वैपाकघराच्या दारात उभी होती. तिने आम्हाला त्याच्या हातांतून सोडवून आत नेलं आणि दार लावून घेतलं.