सांगलीची खोकी, कात्रजची खोकी

कोथरूडचा आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. बाल्कनी पश्चिमेला, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी हॉलमध्ये बसवत नसे. लग्नानंतर तो भाड्यानं घेतला तेव्हा नवरा म्हणाला होता, "दोनच वर्षं. मग स्वतःचा." त्या काळात आमच्या ओळखीतले सगळेच असं म्हणायचे आणि बऱ्याच जणांचं खरंही व्हायचं. तो एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. मी कर्वे रस्त्यावरच्या एका लहानशा कंपनीत टेस्टिंग करायचे. वर्षभरानं सासरे गेले, तेव्हा सासूबाई सांगलीची जागा सोडून आमच्याकडे राहायला आल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. सहा महिन्यांसाठी. सहाचे बारा झाले, बाराचे अठरा.

मग एका मंगळवारी ऑफिसात त्याची ईमेल आली. तो परत येणार नव्हता आणि मला तिकडे बोलावणारही नव्हता. तिथं त्याच्या आयुष्यात दुसरं कोणी आलं होतं. ईमेल इंग्रजीत होती, चार परिच्छेदांची, व्यवस्थित. शेवटी लिहिलं होतं, आईला तूच सांग, मला ते जमणार नाही.

मी ती दोनदा वाचली आणि हातातलं काम पूर्ण केलं. त्या दिवशी मी एका फॉर्ममधली अशी चूक शोधली होती, जी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. साहेबांनी कौतुक केलं. मी थँक्यू म्हटलं.

घरी आले तर सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. चपला काढता काढताच मी सांगून टाकलं.

"फोन आला होता?" त्यांनी विचारलं.

"नाही. लिहिलंय."

"काय लिहिलंय ते सगळं सांग."

मी मराठीत सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी मोडलेली गवार एका बाजूला सारली. मग म्हणाल्या, "यात कूट घालू का खोबरं?"

"कूट घाला."

पुढचे दोन महिने आम्ही असंच बोलत होतो. कूट, खोबरं, दुधाची पिशवी, पाणी किती वाजता येतं. रडायला मला वेळ नव्हता असं नाही. रविवारी दुपारी मी मुद्दाम आतल्या खोलीचं दार लावून बसून पाहिलं. काही झालं नाही. थोड्या वेळानं उठून मी कपाट आवरलं.

घरमालक खालच्याच मजल्यावर राहायचे. निवृत्त, सडपातळ, कायम इस्त्रीचा शर्ट. अकरा महिन्यांचा करार संपत आला तेव्हा ते वर आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"करार साहेबांच्या नावावर आहे. नवा करायचा तर त्यांची सही लागेल. साहेब स्वतः येणार, का नुसती सही येणार विमानानं?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं, नेहमीच्या सवयीनं बोलले.

"आम्ही जागा सोडतोय, काका," मी म्हटलं.

तोवर मी तसं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि ठरलं.

"अस्सं. मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. जिना उतरता उतरता थांबून त्यांनी सांगितलं, "जाताना भिंतीतले खिळे उपटू नका. पोपडे निघतात."

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीनं मला कात्रजला एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. सासूबाईंनी सांगलीला त्यांच्या मुलीकडे जायचं, हे माझ्या नणंदेनं फोनवर ठरवलं. त्यांना कुणी विचारलं का, ते मला आठवत नाही. मी तरी विचारलं नाही.

आवराआवर सुरू झाली. मी ऑफिसात यादी टाइप करून प्रिंट आणली. सासूबाईंनी ती चष्मा लावून वाचली आणि घडी घालून बाजूला ठेवली. वाण्याकडून त्यांनी रिकामी खोकी आणली, साबणाची, बिस्किटांची. जाड स्केचपेननं त्या प्रत्येकावर एकेक अक्षर लिहीत. 'सां' म्हणजे सांगली, 'का' म्हणजे कात्रज. हॉलच्या दोन भिंतींना दोन रांगा लागल्या. कात्रजची रांग भराभर वाढत होती.

"आई, मिक्सर तुमचा आहे. तुमच्या भावानं दिलेला."

"तिच्याकडे आहे मिक्सर. तू सकाळी साडेसातला निघणार, पाट्यावर वाटणार आहेस का?"

"आणि ही मोठी कढई?"

"ती मात्र माझी," त्या म्हणाल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळू लागल्या. मग थबकल्या, कागद सोडवला, आणि कढई माझ्या बाजूला ठेवली.

नवऱ्याच्या सामानाचं काय करायचं ते दोघीही टाळत होतो. एक सूट, दोन बॅडमिंटनच्या रॅकेट, कॉम्प्युटरची विटेएवढी जाड पुस्तकं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच रद्दीवाल्याला वर बोलावलं. तो पुस्तकं तोलत होता तेव्हा त्या दारात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. सूट त्यांनी कामवाल्या बाईंना दिला. शाळेपासूनच्या प्रमाणपत्रांची फाइल तेवढी उचलून आपल्या पिशवीत तळाशी घातली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढी राहू दे."

"राहू दे की," मी म्हटलं. राग यायला हवा होता. आला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो. काचेच्या बरण्या राहिल्या होत्या. मी कागद फाडून देत होते, त्या गुंडाळत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "कात्रजची खोली केवढी आहे?"

"दहा बाय बारा असेल. आणि स्वयंपाकघर, बारकं."

"पाणी?"

"आहे. दोन्ही वेळा."

त्यांनी एक बरणी गुंडाळली, सुतळी बांधली. मग दुसरी हातात घेतली आणि ती नुसतीच फिरवत राहिल्या.

"मी आले तर?"

मला नीट ऐकू आलं होतं. त्यांना काय म्हणायचंय तेही कळलं होतं. त्या क्षणी मनात काय होतं ते मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं, पण काही सापडत नाही. त्यांचा राग नव्हता. त्यांचा चेहरा बघून नवरा आठवतो असंही नव्हतं. फक्त आता कुणी काही मागू नये एवढंच वाटत होतं.

"जागा लहान आहे, आई," मी म्हटलं.

"हो. तेही खरंच," त्या म्हणाल्या. "तो कागद दे इकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेचे यजमान जीप घेऊन आले. सांगलीची खोकी चारच होती. सासूबाईंनी मला वाकू दिलं नाही, खांद्याला धरून मध्येच थांबवलं. "जेवत जा," म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. अकरा वाजता माझा टेम्पो आला.

कात्रजला मी नीट राहिले. ऑफिस, घर, ऑफिस. घटस्फोटाचे कागद आले, सह्या करून पाठवले. दारावर पाटी लावायची राहिली ती राहिलीच. सात-आठ महिने असे गेले. मग एका रविवारी मी भाजी निवडत होते, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि मी बसल्या जागेवरून मोठ्यानं ओरडले, "आई, गॅस बंद करा!"

चौथी शिट्टी झाली, पाचवी झाली. मी उठले नाही. डाळ करपल्याचा वास आल्यावर उठले, गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. तेव्हा रडू आलं. पुष्कळ वेळ आलं.

पुढच्या शनिवारी मी सांगलीची एसटी धरली. सासूबाई नणंदेच्या घरी अंगणात वाळवण राखत बसल्या होत्या. थोड्या बारीक झाल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी आणलं, जेवायला वाढलं. नणंद आत गेल्यावर मी म्हटलं, "आई, येता का माझ्याकडे? दोघींना पुरेल जागा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या.

"आता नको गं," त्या म्हणाल्या. "नातीची शाळा दुपारची असते. हिची नोकरी. मीच सोडते, मीच आणते. आता रुळले मी इथं." मग म्हणाल्या, "तेव्हा आले असते."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"भात घे अजून थोडा."

मी भात घेतला. संध्याकाळी त्या नातीचा हात धरून मला स्टँडवर सोडायला आल्या. बस लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. नात तिच्या बाईंबद्दल काहीतरी लांबलचक सांगत होती आणि आम्ही दोघी ऐकत होतो.