पैशांच्या मागे इटलीला

माझं शुद्धलेखन धड नाही आणि अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. त्याबद्दल आधीच माफ करावं. हे मी कुणाला दाखवणार नाही, पण कुणाच्या हाती लागलंच तर हसण्याआधी शेवटपर्यंत वाचावं.

लिहायला बसले त्याचं कारण परवाचं जेवण. मुलाच्या ओळखीचे एक डॉक्टर इटली फिरून आले. त्यांनी भिंतीवर स्लाइड दाखवल्या. रोम, व्हेनिस, पिसाचा कललेला मनोरा. सून सहज बोलून गेली, "आमच्या आईसुद्धा इटलीला जाऊन आल्यात." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"काकू, तुम्ही काय काय पाहिलंत?"

मी "थोडंसं" म्हणाले आणि ताटं उचलायला उठले. यातलं मी काहीच धड पाहिलं नव्हतं. मी इटली बघायला गेलेच नव्हते. माझे पैसे जिच्याकडे होते ती इटलीला निघाली, म्हणून मी तिच्या मागे गेले.

ती आमची अमेरिकेतली, नेपरव्हिलची शेजारीण. माझ्याहून मोठी, काळा झगा घालणारी, एकटी विधवा. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं जमायला हरकत नव्हती. पण पहिल्याच दिवशी बिनसलं. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात ती संध्याकाळी दारात आली आणि मीठ मागू लागली. मी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. दिवेलागणीला घरातून मीठ, दही, पैसा बाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते, हे माझ्या आईने मला शिकवलेलं. ते इंग्रजीत कसं सांगणार? मी नुसतं "मॉर्निंग, मॉर्निंग" म्हणत राहिले. ती तोंड वाकडं करून गेली. सकाळी मी वाटीभर मीठ नेऊन दिलं. दोन दिवसांनी तिने वाटी परत केली ती रिकामी. आमच्याकडे रिकामी वाटी कुणी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. तेव्हाच मी मनात म्हटलं, ही बाई घेणारी दिसते.

तरी मीच तिला पैसे दिले. माझा स्वभाव असा की तोंडावर नाही म्हणता येत नाही. भर जानेवारीत तिची भट्टी बंद पडली. घर गरम होईना. ती दारात उभी राहिली, ओठ निळे पडलेले. दुरुस्तीला आठशे डॉलर लागणार होते. माझ्याकडे तेवढेच होते. दोन घरची मुलं सांभाळून आणि एका डॉक्टरीणबाईंच्या घरी पोळ्या लाटून साठवलेले, जन्मातले पहिले माझे स्वतःचे पैसे. त्यातून कराडला माझ्या बहिणीच्या शेजारची खोली घ्यायची होती. मुलगा-सून वाईट नाहीत, पण आपलं म्हणून एक दार असावं, एवढंच मनात होतं.

उन्हाळा संपला तरी पैसे आले नाहीत. विचारायची मला लाज. मग एक दिवस तीच आनंदाने सांगत आली, इटलीत भावाने वडिलांची ऑलिव्हची जमीन विकली आहे, सही करायला बोलावलंय, तिकीटही त्यानेच पाठवलंय, तिचा वाटा मिळाला की माझे पैसे देईल.

मुलाने कपाळाला हात लावला. "आई, काही लिहून घेतलंस का?"

"नाही रे. थंडीत उभी होती ती."

"झालं मग. म्हातारी माणसं गावी गेली की परत येत नाहीत. शी इज गॉन."

सून हसत म्हणाली, "आता आई, तिच्याबरोबर जाऊनच वसूल करा."

ती थट्टेत बोलली, पण माझ्या डोक्यात ते बसलं. त्याच हिवाळ्यात मी कराडला जाणार होते आणि माझं विमान रोमवरूनच जायचं. मी मुलाला विचारलं, वाटेत आठ दिवस उतरता येतं का? त्याने तिकीट बदललं. मग शिकागोला जाऊन त्याने व्हिसाही आणून दिला. शेजारणीला मी सांगितलं, तुझं गाव बघायचंय. तिने मला मिठीच मारली. माझा संशय आणखी वाढला. जिच्याकडे आपले पैसे आहेत, ती आपल्याला बघून इतकी खूश का व्हावी?

रोम मी फक्त बसच्या काचेतून पाहिलं. दिवसभर दक्षिणेकडे जात होतो. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मातेरा नावाच्या गावी तिचा भाऊ आणि भावजय सरकारी चाळीसारख्या इमारतीत राहत होते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चल, आमचं घर दाखवते. दरीच्या काठाने उतरलो आणि ती एका गुहेसमोर थांबली. खरोखरची गुहा. डोंगर कोरून केलेली, दाराला फळ्या ठोकलेल्या. आत चूल, कोनाडा, आणि मागे गाढव बांधायची जागा. त्या गुहेसारखी शेकडो घरं एकावर एक, एकाचं छप्पर तो दुसऱ्याचा रस्ता. सरकारने सगळ्यांना उठवून वर नेलं होतं. खाली माणूस नाही. ती कोनाड्यावर हात फिरवत रडत होती आणि मी हिशोब करत होते, जिचं घर ही गुहा, तिची जमीन ती कसली असणार?

जमीन दाखवायला भावाने गाडी काढली. वाटेत क्राको नावाचं टेकडीवरचं गाव लागलं. बुरूज उभा, घरं उभी, खिडक्या उघड्या, आणि सगळं ओस. खालची माती सरकत गेली म्हणून लोक निघून गेले. तिच्या नवऱ्याचं गाव ते. मला वाटलं, या बाईचं माहेर रिकामं, सासर रिकामं. आता रिकामी जमीनही दाखवेल.

जमीन मात्र खरी होती. झाडं जुनी, पिळलेली, खाली जाळी अंथरलेली. मी एक ऑलिव्ह तोडून चावलं. इतकं कडू की डोळ्यांत पाणी आलं. भाऊ हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

पुढच्या दिवशी त्याने आल्बेरोबेल्लोला नेलं. तिथली घरं पांढरी, गोल, डोक्यावर दगडी टोप्या. फार सुंदर. भावाने मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि तिने मला समजावलं, ही घरं चुना न लावता नुसते दगड रचून बांधलेली, कारण पूर्वी राजाचा माणूस कर वसूल करायला येतोय कळलं की लोक घरं उतरवून ठेवत. घर नाही तर कर नाही.

मी त्या टोप्यांकडे बघत उभी राहिले. देणं चुकवायला जिथे आख्खं घर मोडतात, तिथे माझे आठशे डॉलर कसले परत मिळणार?

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिच्या भावाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. सह्या झाल्या होत्या. बाहेर अंधारून आलं. भावजयीने येशूच्या तसबिरीपुढचा लहानसा लाल दिवा लावला आणि कपाटातून नोटांची चळत काढून माझ्यापुढे ठेवली. तिकडच्या पैशांत, लिरांमध्ये, ते लाखांच्या घरात जात होतं. इतके पैसे मी एकत्र कधी पाहिले नव्हते. ज्यासाठी समुद्र ओलांडून आले ते समोर होतं. आणि माझा हात पुढे होईना.

दिवा लागला होता. मी आता पैसे उचलले असते तर त्या घरातली लक्ष्मी माझ्या पर्समध्ये बसून निघाली असती. त्यांच्या देवाला हे चालतं की नाही मला माहीत नव्हतं, पण दिवा तो दिवा. मी चळत मागे सरकवली. "नो," म्हणाले.

मग भावजय उठली आणि तिने माझे दोन्ही गाल चुंबले. भावाने डोळे पुसले. शेजारणीने माझा हात छातीशी धरला. नोटा कपाटात गेल्या आणि कपाटाला किल्ली लागली. मला वाटलं, किती समजूतदार माणसं, आमची रीत कशी पटकन कळली यांना.

सकाळी कॉफी झाली, कपाट उघडलं नाही. पिशव्या खाली नेल्या, कपाट उघडलं नाही. भावजयीने मला तेलाची बाटली दिली, पुन्हा मिठी मारली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. या लोकांना वाटलंय की मी पैसे सोडून दिले. की तसं वाटून घेणं यांच्या सोयीचं आहे?

बस कोपऱ्यावर दिसली. गप्प बसले असते तर कराडची खोली गेली असती. जन्मभर गप्प बसत आलेली मी, भर रस्त्यात शेजारणीची बाही धरली.

"मॉर्निंग," मी म्हणाले. "नाऊ मॉर्निंग. मनी."

तिला कळेना. मी तसबिरीपुढचा दिवा हाताने करून दाखवला, मग काल नोटा सरकवल्या तसं करून दाखवलं. तिच्या कपाळावर आठी पडली. मग हळूहळू तिचं तोंड उघडलं.

"सॉल्ट," ती म्हणाली. "यू, सॉल्ट. मॉर्निंग, मॉर्निंग."

आणि ती पोट धरून पायरीवर बसली. भाऊ विचारत होता काय झालं, तिला सांगता येईना, ती हसून हसून रडत होती. शेवटी तिने सांगितलं तसा भाऊ जिना चढत धावला आणि नोटा घेऊन आला. बसवाल्याने भोंगा वाजवला. भावजयीने वरच्या खिडकीतून ओरडून काहीतरी सांगितलं. शेजारणीने मला समजावलं, ती म्हणते, बाईने माझं घर सांभाळलं.

मी तरी बसमध्ये बसल्यावर नोटा मोजल्याच. शेजारीण काचेबाहेर बघत राहिली, हे तिचं चांगुलपण.

रोमच्या विमानतळावर पैसे बदलायच्या खिडकीतल्या पोरीने लिरांचे डॉलर करून दिले. तिचं कमिशन कापून आठशेला काही डॉलर कमी पडले. मी म्हटलं, राहू दे. शेजारीण ऐकेना. तिने बटवा उपडा केला, नेपरव्हिलच्या दुकानातली चिल्लरसुद्धा काउंटरवर ओतली, आणि एकेक नाणं बोटाने माझ्याकडे सरकवत गेली. शेवटचं नाणं सरकवून तिने मोकळे तळवे मला दाखवले. माझे आठशे पुरते आठशे झाले होते. मी ते रुमालात बांधले आणि मुंबईच्या विमानाकडे निघाले.