डब्याला पाडव्यापर्यंतची मुदत

लोकांकडे ट्रिपचे फोटो जमतात, आमच्याकडे किस्से जमले. फोटो काढायला हात मोकळे लागतात, आणि या सीझनभर आमचे हात कायम काहीतरी ढकलण्यात गुंतलेले होते. सोमवारी सकाळी मित्रांचे फोन यायचे, "काय रे, या वेळी काय केलंत?" कुठे गेलेलात, हे कोणी विचारेना!

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. विमा कंपनीतून निवृत्त झालो आणि मला सेकंडहँड कॅरॅव्हॅन घ्यायची हुक्की आली. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायची छोटी खोली. आत पलंग, ओटा, बेसिन, सगळं. बायको, मेधा, शाळेत गणित शिकवायची. तिने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. अट घातली.

"दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत फिरू. पाडव्याला मी सांगेन, ठेवायची की विकायची. आणि तेव्हा तू वाद घालायचा नाहीस!"

मी कबूल केलं. आयुष्यभर लोकांना जोखीम समजावून सांगितली, स्वतः एकही घेतली नव्हती. ही गाडी मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

*

पहिला प्रश्न, ठेवायची कुठे? डोंबिवलीत आमच्या सोसायटीची खास मीटिंग भरली. सेक्रेटरींनी उलटतपासणी सुरू केली.

"याला इंजिन आहे?"

"नाही."

"दार?"

"आहे."

"खिडक्या, बेसिन?"

"आहे ना! एक्झॉस्ट फॅनसुद्धा आहे!" मी उत्साहाने म्हटलं.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "इंजिन नाही, दार-खिडक्या आहेत, बेसिन आहे. अहो काका, याला गाडी नाही म्हणत, बांधकाम म्हणतात. आणि तेही अनधिकृत!"

मागून कोणीतरी म्हणालं, "आपल्याकडची सगळीच अनधिकृत बांधकामं चाकांवर असती तर किती सोपं झालं असतं!" सगळी मीटिंग हसली. ठराव मात्र माझ्या विरोधात गेला.

शेवटी शाळेतला मित्र बापू धावून आला. मानपाड्याला त्याची वडिलोपार्जित जमीन आहे. पूर्वी तिथे भात व्हायचा, आता गोडाऊन आहेत. त्याने कोपऱ्यातली जागा दिली, कॅरॅव्हॅनला एक फेरी मारली, आत डोकावला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून काळजीने विचारलं, "आरं, यवरा मोटा फ्लॅट हाय तुजा, आन् या डब्यान कनाला झोपतस? वयनीशी भांडलास का?"

त्या दिवसापासून कॅरॅव्हॅनचं नाव डबा पडलं.

*

डबा मागे जोडला की रिव्हर्स घेणं ही एक वेगळीच विद्या आहे. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की डबा डावीकडे जातो, आणि उलट. मुरबाडकडच्या एका फार्मवर आमची पहिली ट्रिप. मेधा मागे उभी राहून सांगत होती.

"उजवीकडे! अजून उजवीकडे! अरे, उजवीकडे म्हणतेय ना!"

मी इमानदारीत तिचं ऐकत होतो. डबा इमानदारीत फार्ममालकाच्या शेणखताच्या ढिगाकडे निघालेला. शेवटी तो त्यात जाऊन टेकला, अगदी हळुवारपणे!

मी उतरलो. "तू उजवीकडे म्हणत होतीस!"

"हो, कारण स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की डबा डावीकडे जातो. मी व्हिडिओ बघून सगळं उलटं करूनच सांगत होते!"

"आणि मी व्हिडिओ बघून तू सांगतेस त्याच्या उलटं करत होतो!"

मेधाने नाकाला रुमाल लावला. मग म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा तू माझ्या बोलण्यावर विचार केलास. तो याच वेळी करायचा होता?"

दोन दिवस आम्ही खिडक्या बंद ठेवून निसर्गाचा आनंद घेतला.

*

डोंबिवलीकराच्या स्वभावात एक गोष्ट पक्की असते. नळाला पाणी आलं की जे भांडं दिसेल ते भरायचं. बदलापूरच्या पुढे बारवीकडे जायचं ठरलं, आणि निघण्याच्या आदल्या दिवशीच पाणीकपात जाहीर झालेली. मग काय! डब्याची टाकी काठोकाठ भरली. दोन बादल्या, चार कॅन, कुकर, इडलीपात्र, सगळं भरलं. मेधाने थर्मासही सोडला नाही.

वाटेतल्या साध्या चढावर गाडी धापा टाकायला लागली. मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा! एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "काका, टँकर है क्या? कितने का देता है?"

कसेबसे पोहोचलो. खुर्च्या मांडल्या, चहा घेतला. समोर धरणाचं पाणी लांबच लांब पसरलेलं. मेधा कप हातात घेऊन बघत होती.

"हे बारवी ना? आपल्याकडे पाणी कुठून येतं रे?"

मी चहा पीत राहिलो. काही प्रश्नांची उत्तरं नवऱ्याने देऊ नयेत.

"म्हणजे धरणाचं पाणी भरून आपण धरणावर आणलं," ती म्हणाली आणि इडलीपात्रातलं पाणी शेजारच्या झाडाला घालून आली.

*

शहापूरच्या पुढे एका गावाबाहेर डबा लावला होता. पांढराशुभ्र डबा, दाराला पायरी, आणि दारात चष्मा लावलेली मेधा. थोड्या वेळाने एक बाई आपल्या सासूबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. म्हातारी थेट आत शिरली, पलंगावर बसली आणि मेधाला म्हणाली, "बघा बाई, डाव्यानं कमी दिसतंय."

"अहो आजी, ही डोळे तपासायची गाडी नाही!" मी म्हटलं.

"मग मागच्या महिन्यात आल्ती ती?"

"ती दुसरी."

आजींना ते पटलं नाही. मेधालाही त्यांना नुसतं परत पाठवणं जिवावर आलं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. आजींनी उजव्या डोळ्याने चतुर्थी, एकादशी सगळं घडाघडा वाचलं. मग उजव्या डोळ्यावर हात न ठेवताच डाव्यानेही वाचून दाखवलं. मेधाने त्यांना आलं घातलेला चहा दिला आणि तालुक्याच्या दवाखान्यात नक्की दाखवा म्हणून सुनेला बजावलं.

जाताना आजी माझ्याकडे बोट दाखवून सुनेला म्हणाल्या, "डाक्टरीण चांगली हाय गं. कंपाउंडर नुसताच उभा होता."

*

होळीच्या सुमाराची गोष्ट. एव्हाना मी स्वतःला तरबेज समजायला लागलेलो. सकाळी बापूच्या जागेवर गेलो, सामान डिकीत टाकलं, गाडी डब्यापुढे लावली. तेवढ्यात कढीपत्ता घेतला की नाही यावरून आमचं वाजलं. वाजता वाजताच निघालो.

कल्याण गेलं. कढीपत्त्याचा विषय संपून माझ्या बहिणीचा सुरू झाला. मी मात्र मनातून खूश होतो. गाडी कशी फुलासारखी पळत होती! शेवटी राहवलं नाही.

"मेधा, बघितलंस? हात बसला माझा. मागे डबा आहे हे जाणवतसुद्धा नाही आता!"

तेवढ्यात फोन वाजला. बापू.

"आरं इवेक, डबा तं इथंच हाय! मंग तू कं घेऊन चाल्लास?"

मी आरशात बघितलं. मागे एक टेम्पो होता, दोन बाइक होत्या, आणि मोकळं आकाश होतं.

मित्रांना हा किस्सा सांगतो तेव्हा इथे सगळे पोट धरून हसतात. मेधा त्या दिवशी हसली नाही. रागावलीही नाही. "परत वळव," एवढंच म्हणाली आणि घरी येऊन झोपली. त्यानंतर ट्रिपचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. निकाल मला कळला होता. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण तिच्या तोंडून 'विक' हे ऐकण्यापेक्षा आपणच सोय लावलेली बरी, म्हणून ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. त्यांना डबा बघायचाच होता. पाडव्याला सकाळी अकराला मानपाड्याला यायचं ठरलं. मुहूर्तही चांगला होता. मेधाला सांगितलं तर तिने नुसतं "बरं" म्हटलं.

*

पाडव्याला सकाळी मी श्रीखंड आणि झेंडूचा हार आणायला बाहेर पडलो. दुकानात ही गर्दी! परत येताना खालून सवयीने आमच्या गॅलरीकडे बघितलं. इतर सगळ्या गॅलऱ्यांत गुढ्या उभ्या, आमची गॅलरी रिकामी. वर गेलो तर दाराला कुलूप. माझ्या किल्लीने उघडून आत गेलो. गुढीची काठी नाही, तांब्या नाही, मेधाची हिरवी पैठणी नाही आणि मेधाही नाही.

फोन लावला.

"अगं, आहेस कुठे?"

"घरी."

"घरी कशी? मी घरात उभा आहे!"

"मग चुकीच्या घरात उभा आहेस."

मागून बापूचा आवाज आला, "वयनी, काठी जरा सरल धरा, डब्याचा पत्रा वाजतंय!"

मी घड्याळाकडे बघितलं. "अगं, पण ते ठाण्याचे गृहस्थ अकराला यायचेत, बायकोला घेऊन..."

"येऊ देत की. पाडव्याला घरी आलेल्या माणसाला श्रीखंड देतात. दोन वाट्या जास्तीच्या घेऊन ये."