बाबांच्या वाट्याची शांतता

आज सकाळी माळा आवरताना जुनी चटई हाताला लागली. तिचा ओलसर, गवती वास नाकात शिरला आणि मी कोल्हापुरातल्या आमच्या पहिल्या खोलीत जाऊन पोचले.

बाबांची तेव्हा गगनबावड्याच्या दवाखान्यात बदली झाली होती. ते तिकडे रुजू व्हायला गेले त्याच संध्याकाळी आई, दादा आणि मी याच चटईवर प्रार्थनेला बसलो. आमच्यात एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, थोरल्यापासून सुरुवात व्हायची. आधी बाबा, मग आई, मग दादा, शेवटी मी. आई डोक्यावर पदर घेऊन गप्पच बसली होती. स्टोव्हवर कालवण रटरटत होतं आणि मला सडकून भूक लागली होती.

"आई, सुरू कर की."

"थांब. बाबा तिकडं प्रार्थना करत्यात. त्यांचं होऊ दे."

मी डोळे मिटले. खरंच सांगते, बाबा शेजारी बसल्यासारखे वाटले. थोड्या वेळानं आई बोलू लागली.

जेवताना मी विचारलं, "त्यांचं झालं, ते तुला कसं कळलं?"

"कळतंय की," ती म्हणाली.

आता आई-बाबा दोघंही चर्चच्या कबरस्तानात आहेत. दादा परदेशात असतो. परवा फोनवर म्हणाला, "मी प्रार्थना सोडली बघ. ऐकणारं कोण न्हाय तिथं."

तरी आज संध्याकाळी मी चटई अंथरली. आधी दादाची पाळी, म्हणून थांबले. अंधार पडला, डास चावायला लागले. त्याचं झालं, असं काही कळेना. माझी प्रार्थना तशीच राहिली.