काकूची रॅकेट आणि दिवाळीचा फ्लेक्स

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माझ्या काकांनी पार्षद, म्हणजे नगरसेवक, व्हायचं ठरवलं. चौबे कॉलोनीत आमची घरं शेजारी-शेजारी, त्यामुळे त्यांची भाषणाची तालीम मला भिंतीपलीकडून ऐकू यायची. पण पक्षाचं तिकीट हवं तर आधी चौकात फ्लेक्स हवा. दिवाळीत हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे इतके फ्लेक्स लागतात, की त्यात काकांकडे कोण बघणार?

त्याच सुमारास अमेरिकेतल्या त्यांच्या मुलाने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. तिकडच्या कुणा पुढाऱ्याचं मागच्या नाताळचं शुभेच्छापत्र होतं ते. सजवलेलं झाड, रंगीत खोकी, आणि समोर लाल स्वेटर घातलेलं अख्खं कुटुंब. प्रत्येकाच्या हातात बंदूक. धाकट्या पोरीची तर तिच्याएवढीच उंच. सगळे खुशीत हसत होते.

काकूने फोटो मोठा करून पाहिला. "देवाच्या वाढदिवसाले बंदुका काहून?"

"आपण दसऱ्याले शस्त्रं पूजतोच ना," काका म्हणाले.

"पूजतो. हातात घेऊन दात नाही काढत."

काकांनी मुलाला फोन लावून एवढंच विचारलं, "हा माणूस निवडून येते का?"

"दर वेळी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन गोल बाजारात गेले. टिकल्या फोडायची पिस्तुलं आणि प्लास्टिकच्या दोन लांब बंदुका त्यांनी निवडल्या. दुकानदाराने विचारलं, "बच्चा कितना बड़ा है?"

"साठ के ऊपर है," काका गंभीरपणे म्हणाले.

फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. झेंडूच्या तोरणाखाली काका जॅकेट घालून बंदूक छातीशी धरून उभे राहिले. चुलतबहीण बँकेत नोकरीला, ती कुरकुरली, "पापा, मेरे ऑफिसवाले देखेंगे तो?"

"पाहण्यासाठीच तर लावून राहिलो."

काकू मात्र हातात डास मारायची रॅकेट घेऊन आली. "मले जे चालवता येते तेच मी धरीन," ती म्हणाली. काकांनी समजावून पाहिलं, पण उजेड चालला होता. मी बटण दाबणार तेवढ्यात काकूला डास दिसला. तिने रॅकेट सपकन फिरवली, तड्‌ आवाज झाला आणि सगळे दचकून हसले. फोटो तोच चांगला आला.

फ्लेक्सवाल्यालाही तोच आवडला. त्याने काकूला मधोमध घेतलं, ठिणगी मोठी केली. काकांच्या बंदुकीवर त्यांचं नाव छापलं गेल्याने ती दिसेनाशीच झाली. वर लिहिलं होतं, 'बुराई का होगा नाश, हर घर में होगा प्रकाश'.

फ्लेक्स चौकात लागला आणि काकांचे फोन सुरू झाले. पहिला फोन पलीकडच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका बाईंचा होता. "भैया, हमारे पारा में धुआं कब मरवाओगे? मच्छर बहुत हैं." काकांनी समजावलं की हा शुभेच्छांचा फ्लेक्स आहे. बाई म्हणाल्या, "हव, वो तो ठीक है, पर मशीन कब आएगी?" दिवसभर तेच. शेवटी काकांनी ओळखीपाळखीने धुराचं मशीन मागवलं आणि गल्लोगल्ली त्याच्यापुढे हात जोडून चालले. धुरात ते कुणालाच दिसले नाहीत. घरी आल्यावर खोकत म्हणाले, "लोकं खुश आहेत."

मग वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पक्षाची माणसं घरी आली. काका नवा कुर्ता घालून पुढे बसले होते. ती माणसं थेट काकूला म्हणाली, "दीदी, आपका चेहरा सबको याद है."

काकूने त्यांना चिवडा दिला. "मले दिवसभर फोन घ्यायले नाही जमत," ती म्हणाली. "नाव माझं लिहा, फोन यांचा द्या."

ती निवडणुकीला उभी राहिली आणि पडली. निकालाच्या दिवशी काका गॅलरीत जाऊन बसले. काकू आतल्या खोलीत पंखा लावून आडवी झाली. मी विचारलं, "वाईट वाटून राहिलं का?"

"वाटते थोडं," ती म्हणाली, "पण आज दुपारची झोप तरी होईल." आणि भिंतीकडे तोंड करून खरंच झोपली.