शाफ्ट सरळ आहे, असं मी सांगितलं होतं

मुलांनो, तुमची जुनी बोट चालताना हादरते आणि तिथला मेकॅनिक इंजिनच बदला म्हणतो, असं तुम्ही कळवलंत. पैसे देण्याआधी हे वाचा. मी गेले चार दिवस लिहू की नको करत होते. पण तुम्ही त्याला शनिवारी बोलावलं आहे, म्हणून आजच बसले.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे बाबा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या एका लाकडी लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. मी गिरगावात इंग्रजी शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. शाळा भरणार की नाही, ट्राम धावणार की नाही, हे सकाळी रस्त्यावर उतरल्याशिवाय कळत नसे. चाळीत कुणी धड बसत नसे. जिन्यात पावलं वाजली की सगळ्यांच्या माना दाराकडे वळत.

बाबांची अस्वस्थता वेगळी होती. लाँच हादरत होती. इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत जो लांब लोखंडी दांडा जातो, तो शाफ्ट. पंख्याजवळ तो ज्या धातूच्या नळीत, म्हणजे बुशात फिरतो, तो बुश दोन महिन्यांपूर्वीच नवा बसवला होता, आणि पुन्हा एकाच बाजूनं खाल्ला गेला होता. लाँचच्या मालकाचं, शेठचं म्हणणं, ड्रायव्हर गियर झटक्यानं मारतो. बाबा म्हणत, शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत नाहीत. शेठनं सांगितलं, "दाखवून द्या. नाहीतर सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर."

दाखवायच्या दिवशी नेमका हरताळ पडला. ट्राम बंद होत्या. बाबा आणि मी कॉटन ग्रीनवरून चालत दारूखान्याला, म्हणजे लाँचा दुरुस्तीला आणि मोडायला लागतात त्या बंदरावर गेलो. त्यांच्या खांद्याला हत्यारांची पिशवी, माझ्या हातात इंजिनाचं इंग्रजी पुस्तक आणि भाकरीचं फडकं. बाबा इतके भरभर चालत होते की मला मधूनमधून पळावं लागे.

ओहोटी लागली होती. लाँच चिखलात बसली होती, दोन्ही बाजूंना टेकू दिले होते. बाबांनी खाली उतरून पंखा हातानं वर उचलला. शाफ्ट खडखडला.

"बुश गेला, ते आंधळ्यालाही कळतंय," शेठ वरून म्हणाले. "का गेला ते सांगा."

इंजिन आणि शाफ्ट जिथे जोडलेले असतात तिथे लोखंडाच्या दोन जाड चकत्या एकमेकींना बोल्टनं आवळलेल्या असतात. बाबांनी बोल्ट काढले. चकत्यांमधल्या फटीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पातळ पोलादी पानं सरकवून बघायचं. चारी ठिकाणी सारखंच पान गेलं तर सगळं सरळ.

"बाय, चित्राचा पान काढ. वाच काय लिवलाहा ता," बाबा म्हणाले.

मी वाचलं, मराठीत सांगितलं, आणि वहीत चार रकाने आखले. बाबा मोजत गेले, मी लिहीत गेले. चारही आकडे सारखे आले. माझ्या शाळकरी शिस्तीला इतका आनंद झाला की शेठ बाजूला उभे आहेत हे विसरून मी म्हणाले, "बाबा, अगदी सरळ आहे!"

शेठनं वही माझ्या हातून घेतली. "पोरगीच सांगते आहे. मुंबई मागायला निघालात, आधी स्वतःचा गियर तरी नीट टाका." आणि ते धक्क्यावर चहाला निघून गेले.

 बाबांनी भाकरी खाल्ली नाही. लाँचच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिले. मी पुस्तक उघडायची, मिटायची. दूर कुठेतरी घोषणा चालल्या होत्या, जवळ येत आणि पुन्हा विरत. दुपारी भरतीचं पाणी चिखलावरून सरकत आलं. लाँच कुरकुरली.

लाँचचा तांडेल म्हातारा होता, सुकाणूपाशी बिडी ओढत बसलेला. तो म्हणाला, "पोट सोडते आहे आता. चिखलात बसली की आखडून बसते, माझ्या म्हातारीसारखी."

बाबा जागच्या जागी थांबले. मग एकदम खाली इंजिनाकडे उतरले. लाँच पुरती तरंगेपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला आणि पुन्हा मोजलं. वरच्या फटीत जाड पान सहज गेलं. खाली सगळ्यात पातळ पानही शिरेना.

मी पुस्तक पुन्हा चाळलं. चित्राच्या आदल्याच पानावर छापलं होतं: मोजणी बोट पाण्यावर तरंगत असताना करावी. मी ते पान उघडलंच नव्हतं.

"बाबा, हे आधी लिहिलं होतं. मी वाचलं नाही."

"माका ठावक होता गो," बाबा म्हणाले. "वीस वर्सां तरंगत्या बोटीवरच मोजतंय. पण तू विंग्रजी वाचलंस ना. म्हटलां, पुस्तकात असात तसा."

शेठना बोलवायला मी धावत गेले. ते आले, कोट काढून स्वतः खाली उतरले, स्वतःच्या हातानं पानं घालून पाहिली. बाबांनी इंजिनाच्या पुढच्या बाजूखालचं लाकूड स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं. तो पिकल्या फणसात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. वरून वर्षानुवर्षं पावसाचं पाणी झिरपून लाकूड कुजलं होतं. इंजिन पुढून खचलं होतं; बोट चिखलावर टेकली की तळ वर दाबला जाऊन ते झाकलं जाई.

"सुतार उद्या मिळेल?" शेठनं विचारलं.

"हरताळ उठला तर."

"मग सोमवारची फेरी नाही. मंगळवारी तुम्हीच न्या." माफीचा शब्द त्यांनी काढला नाही, बाबांनीही मागितला नाही.

म्हणून, मुलांनो, त्या मेकॅनिकला विचारा: बोट पाण्यात असताना मोजलंत का? आणि तो पुस्तक दाखवू लागला तर आधीचं पानही वाचा.

बाबा पुढे अकरा वर्षं त्याच लाँचवर होते. लाँच दारूखान्यातच मोडीत निघाली. बाबा गेले, तांडेल त्यांच्याही आधी. कापून काढलेल्या त्या लाकडाचा वीतभर तुकडा बाबांनी घरी आणला होता. तो माझ्या कपाटात आहे. दाबला तर अजून भुसा पडतो.